गोदो इंजिनातला क्रॅश: नल-चेक टाकला म्हणजे दुरुस्त झाला का?

शून्यसूचक (धागाकर्ता)

गोदो या मुक्तस्रोत गेम इंजिनाच्या इश्यू-ट्रॅकरवर क्रॅशचे इश्यू चाळले की एकाच साच्यातल्या पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारा अशा विनंत्या) पुन्हा पुन्हा दिसतात. बॅकट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) जी ओळ वर आली तिच्या डोक्यावर एक एर_फेल_नल (पॉइंटर नल असेल तर एरर छापून परत फिरणारा मॅक्रो) ठेवलेला, वर्णनात "फिक्सेस" आणि इश्यूचा आकडा. क्रॅश थांबतो. पण तो पॉइंटर नल कुणी केला, कधी केला, आणि त्या जागी तो नल असणं मुळात चालतं का, याचा पत्ता नसतो. रिव्ह्यू करणारा नेमकं तेच विचारतो आणि गाडी तिथे अडकते. म्हणून हा धागा: इंजिन भक्कम करणारी दुरुस्ती शोधायची कशी आणि मर्ज होईल अशी मांडायची कशी. सी प्लस प्लस येतं आणि सोर्समधून बिल्ड करता येतं, एवढं धरून चालतो. फक्त गोदो ४ बद्दल बोलू. कमांड आणि मॅक्रो इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका.

आधी बिल्ड. अधिकृत बायनरीतून डीबग सिंबॉल काढलेले असतात, त्यामुळे तिच्या बॅकट्रेसमध्ये नुसते मेमरीचे पत्ते दिसतात. त्यावरून निदान करायला जाऊ नका. असं बिल्ड करा:

स्कॉन्स प्लॅटफॉर्म=लिनक्सबीएसडी टार्गेट=एडिटर डेव्ह_बिल्ड=येस टेस्ट्स=येस यूज_एसॅन=येस यूज_यूबीसॅन=येस

डेव्ह_बिल्डमुळे सिंबॉल येतात, ऑप्टिमायझेशन बंद होतं आणि डेव्ह_असर्ट जागे होतात. एसॅन म्हणजे ॲड्रेस सॅनिटायझर, तो मेमरीच्या चुका पकडतो. यूबीसॅन म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर, तो भाषेच्या नियमात न बसणारं वागणं पकडतो. तयार बायनरीच्या नावाच्या शेवटी "सॅन" लागतं, त्यामुळे साधं बिल्ड पुसलं जात नाही, दोन्ही शेजारी ठेवता येतात. वेग साधारण निम्म्यावर येतो आणि मेमरी बरीच जास्त लागते, ते गृहीत धरा.

मग अहवाल वाचणं. यूज-आफ्टर-फ्रीच्या (मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याच्या) अहवालात तीन स्टॅक असतात: मेमरीला हात कुठे लागला, ती मोकळी कुठे झाली, आणि मुळात कुठे घेतली होती. बरेच जण पहिला वाचून थांबतात आणि नल-चेक तिथेच टाकतात. कारण दुसऱ्या स्टॅकमध्ये असतं. शिवाय मोकळी झालेली मेमरी नल नसतेच, पॉइंटरमध्ये जुना पत्ता तसाच असतो. त्यामुळे यूज-आफ्टर-फ्रीवर नल-चेक हा उपायच नाही. तो टाकल्यावर क्रॅश "गेला" असं वाटतं तेव्हा बहुधा मेमरीची मांडणी बदललेली असते, इतकंच. साध्या बिल्डमध्ये मोकळी जागा लगेच दुसऱ्या ऑब्जेक्टला मिळते आणि कोसळतं तिसरंच काहीतरी. एसॅन मोकळी मेमरी काही काळ बाजूला राखून ठेवतो (मर्यादा न बदलल्यास बहुतेक ठिकाणी २५६ एमबी), म्हणून चूक होते त्याच जागी सापडते.

ग्राफिक्स ड्रायव्हरच्या स्वतःच्या गळत्या अहवालात मिसळतात. बग चित्रणाशी संबंधित नसेल तर --हेडलेस लावून (विंडोशिवाय) चालवा, नाहीतर एसॅनच्या पर्यायांत डिटेक्ट_लीक्स=० द्या.

दुरुस्तीआधी एकच प्रश्न कागदावर लिहून काढा: या पॉइंटरचा मालक कोण? नोड असेल तर पालक नोड मुलांना नष्ट करतो. रेफकाउंटेड (स्वतःकडे येणारे संदर्भ मोजणारा) असेल तर शेवटचा रेफ गेला की तो जातो. आरआयडी (इंजिनाच्या चित्रणासारख्या आतल्या सर्व्हरकडच्या वस्तूचा क्रमांक) असेल तर त्या सर्व्हरला सांगून हाताने मोकळा करावा लागतो. आणि एका नोडने दुसऱ्या नोडचा कच्चा पॉइंटर मेंबर म्हणून धरून ठेवला असेल, तर संशयित तुमच्यासमोर उभा आहे.

स्मृतिगळती

कच्च्या पॉइंटरबद्दल पुढे. इंजिनात यासाठी साधन आहेच: ऑब्जेक्टआयडी. हा ६४ बिटांचा आकडा असतो. खालचे २४ बिट ऑब्जेक्टडीबीतली (जिवंत ऑब्जेक्टच्या नोंदवहीतली) जागा सांगतात, त्यावरचे ३९ बिट पडताळणीचे, आणि उरलेला १ बिट ऑब्जेक्ट रेफकाउंटेड आहे का ते सांगतो. जागा पुन्हा वापरली गेली तरी पडताळणीचा आकडा बदललेला असतो, त्यामुळे जुना आयडी दिला की ऑब्जेक्टडीबी::गेट_इन्स्टन्स नल देतं. भलताच ऑब्जेक्ट हाती येत नाही. पॉइंटर साठवण्याऐवजी आयडी साठवा आणि वापरायच्या क्षणी विचारा. इथे मात्र नल-चेक योग्य आहे, कारण आता नलला अर्थ आहे: तो ऑब्जेक्ट गेला.

पण सगळ्यात जास्त क्रॅश ज्या साच्यातून येतात तो सिग्नलचा. यादी दाखवणारा एखादा कंट्रोल (पडद्यावरच्या यूआयचा नोड) घ्या. माऊसचा क्लिक आला, त्याने "आयटम निवडला" असा सिग्नल सोडला आणि पुढच्याच ओळीत आयटम्स[इंडेक्स] वाचलं. सिग्नलला जोडलेल्या स्क्रिप्टने मधल्या वेळात यादी रिकामी केली असेल तर इंडेक्स बाद. स्क्रिप्टने कंट्रोलच फ्री केला असेल तर धिस हाच पॉइंटर बाद. एमिट_सिग्नल म्हणजे अनोळखी कोडला मध्येच बोलावणं आहे. ते परत आल्यावर आधीचं काहीही तसंच असेल असं मानू नये.

दुरुस्तीचे मार्ग, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

पहिला, सिग्नल शेवटी सोडा. आतली सगळी स्थिती आधी नीट करून घ्या, मग सिग्नल, मग रिटर्न. निम्म्या प्रकरणांत तीन ओळींची अदलाबदल पुरते आणि कोड वाढत नाही.

दुसरा, सिग्नलनंतर काम उरतंच असेल तर:

ऑब्जेक्टआयडी आयडी = गेट_इन्स्टन्स_आयडी();
एमिट_सिग्नल(...);
इफ (!ऑब्जेक्टडीबी::गेट_इन्स्टन्स(आयडी)) रिटर्न;

आयडी स्थानिक चलात हवा. मेंबरमध्ये ठेवला तर तो वाचायला पुन्हा मेलेल्याच धिसकडे जावं लागतं, हे रिव्ह्यूमध्ये खरंच निसटतं. आणि जिवंत आहे हे कळलं तरी इंडेक्स पुन्हा तपासा.

तिसरा, वर्ग रेफकाउंटेड असेल तर फंक्शनच्या सुरुवातीला स्वतःचा एक रेफ स्थानिक चलात धरा. फंक्शन संपेपर्यंत ऑब्जेक्ट जात नाही.

चौथा, कॉल_डिफर्ड. हा मी शेवटी ठेवतो. क्रॅश जातो, पण सिग्नल फ्रेमच्या शेवटी पोचतो आणि "लगेच येईल" या भरवशावर लिहिलेले गेम मोडतात. क्रॅशची दुरुस्ती वर्तनातला बदल घेऊन आली तर ती स्थिर शाखेवर नेता येत नाही.

खटपट्या

दोघांशीही अर्धाच सहमत. नल-चेकला एवढं झोडपू नका. स्क्रिप्टला दिसणारी प्रत्येक मेथड, म्हणजे बाइंड_मेथड्समध्ये नोंदवलेली, ही सीमा आहे. तिथे जीडीस्क्रिप्ट (गोदोची स्क्रिप्ट भाषा) लिहिणारा नल देईल, उणे इंडेक्स देईल, ट्रीमध्ये नसलेला नोड देईल. चुकीच्या आर्ग्युमेंटने इंजिन कोसळणं हा नेहमी इंजिनाचाच बग. अशा ठिकाणी एर_फेल_नल आणि एर_फेल_इंडेक्स हीच पूर्ण दुरुस्ती आहे, त्यामागे "मूळ कारण" शोधत बसायची गरज नाही.

आणि हो, एर_फेल घराण्यातले मॅक्रो रिलीज बिल्डमध्येही तपासतात. डेव्ह_असर्ट फक्त डेव्ह बिल्डमध्ये. नवीन लोक सीमेवर डेव्ह_असर्ट टाकतात आणि निर्यात केलेल्या गेममध्ये संरक्षण शून्य.

शून्यसूचक

खटपट्या, सीमेवर मान्य. माझा आक्षेप आतल्या फंक्शनांबद्दल आहे, जिथे बोलावणारं इंजिनच असतं. तिथे एर_फेल म्हणजे "हे कधीच घडू नये" अशी घोषणा. ती वरचेवर छापली जात असेल तर एकतर घोषणा खोटी आहे किंवा बग अजून आत आहे.

दोन गोष्टी जोडतो. फंक्शन दर फ्रेमला चालत असेल तर एर_फेल दर सेकंदाला ६० ओळी छापतो. मग तो इशारा फक्त एकदाच छापणारा मॅक्रो वापरा (एर_प्रिंट_वन्स किंवा वॉर्न_प्रिंट_वन्स), नाहीतर क्रॅशच्या जागी लॉगचा पूर येतो आणि तोही नवा इश्यू होतो. दुसरं, मध्येच रिटर्न होताना आधी घेतलेलं काही अर्धवट राहतं का ते पाहा: मेमन्यू या मॅक्रोने बनवलेला ऑब्जेक्ट, हाताने लावलेला लॉक, ट्रू केलेला एखादा "काम चालू" झेंडा. असा झेंडा ट्रूच राहिला की क्रॅशऐवजी कंट्रोल कायमचा गप्प होतो, आणि ते शोधणं क्रॅशपेक्षा अवघड.

क्रॅश_कॉन्ड जपून. पुढे गेल्यास मेमरी बिघडणार हे नक्की असेल तरच. एडिटरमध्ये त्याचा अर्थ वापरणाऱ्याचं न साठवलेलं काम जाणं.

रिलीजखोर

"एडिटरमधून चालतं, एक्स्पोर्ट केल्यावर कोसळतं" या इश्यूंचं मूळ बऱ्याचदा डीबग आणि रिलीजच्या फरकात असतं, म्हणून तेवढंच.

डीबग बिल्डमध्ये ऑब्जेक्टची मेथड चालू असताना स्क्रिप्टने त्यालाच फ्री() केलं तर इंजिन अडवतं, "ऑब्जेक्ट लॉक आहे, फ्री करता येणार नाही" अशा अर्थाची एरर देतं. हा लॉक रिलीजमध्ये नसतो. जीडीस्क्रिप्टच्या व्हीएममधल्याही (स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागातल्याही) पुष्कळ तपासण्या फक्त डीबगमध्ये असतात, वेगासाठी. त्यामुळे डीबगमध्ये लाल ओळ दिसून पुढे सरकणारा गेम रिलीजमध्ये थेट सेगफॉल्ट देतो. असा इश्यू आला की आधी विचारा: एडिटरच्या आउटपुटमध्ये लाल ओळी होत्या का? निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

उरलेल्यांसाठी टार्गेट=टेम्प्लेट_रिलीज आणि डीबग_सिंबॉल्स=येस असं बिल्ड करा, हवा असेल तर एसॅनसकट. ऑप्टिमायझेशनमुळे काही फ्रेम एकात एक विरघळलेल्या दिसतील, तरी फाइल आणि ओळ कळते. सुरुवात न केलेले चल इथेच उघडे पडतात: बूल मेंबरला हेडरमध्ये किंमत दिलेली नसते, एका बिल्डमध्ये योगायोगाने शून्य मिळतं, दुसऱ्यात कचरा.

दुभाजक

आधीच्या आवृत्तीत चालणारं नव्या आवृत्तीत मोडलं असेल तर कोड वाचण्याआधी बायसेक्ट करा, म्हणजे कमिटचं अंतर दर पायरीला निम्मं करत दोषी कमिट शोधा. नेमका कमिट सांगणारी कमेंट ही स्वतःच मोठी मदत आहे, तुम्ही दुरुस्ती लिहिली नाहीत तरी.

आधी तयार बिल्डवर चाचणी घ्या: डेव्ह, बीटा, आरसी असे टप्प्याटप्प्याचे स्नॅपशॉट उपलब्ध असतात. त्यांनी अंतर आटोक्यात आलं की गिट. ४,००० कमिट उरले असले तरी १२ पायऱ्यांत उत्तर येतं. गोदोमध्ये पुल रिक्वेस्ट मर्ज कमिटने येतात, म्हणून गिट बायसेक्ट सुरू करताना --फर्स्ट-पॅरेंट द्या (गिट २.२९ पासून). मग तो फक्त मर्जवरून चालतो आणि कुठल्यातरी फांदीच्या मधल्या, वेगळ्याच पायावर उभ्या कमिटवर जाऊन बसत नाही.

गिट बायसेक्ट रनने स्वयंचलित करायचं तर एक्झिट कोड सांभाळा, इथे बहुतेकांचं फसतं. ० म्हणजे चांगला. १ ते १२७ म्हणजे वाईट, फक्त १२५ म्हणजे "हा वगळ". १२७ च्या वर काही आलं तर अख्खं बायसेक्ट थांबतं. आणि क्रॅश नेमका वरच असतो: सेगफॉल्टचा कोड शेलमध्ये १३९, अबॉर्टचा १३४. गोदोचा क्रॅश-हँडलर बॅकट्रेस छापून अबॉर्ट करतो, म्हणून सहसा १३४ दिसतो. तेव्हा स्क्रिप्टमध्ये असं हवं: बिल्ड फसलं तर १२५, १३४ किंवा १३९ आला तर १, नाहीतर ०. टाइमआउट कमांड लावली असेल तर वेळ संपल्यावर १२४ येतो आणि तो "वाईट" धरला जातो. गेम अडकण्याचा बग शोधत असाल तर ठीक, क्रॅश शोधत असाल तर चुकीचा कमिट दोषी ठरतो.

नमुना प्रोजेक्टची (बग दाखवणाऱ्या छोट्या प्रोजेक्टची) दर पायरीला ताजी प्रत घ्या. वेगळ्या आवृत्तीने उघडला की लपलेल्या गोदो फोल्डरमधला कॅशे बदलतो आणि पुढची चाचणी दूषित होते. शक्य तर नमुन्यात चित्रं, मॉडेल, आवाज काहीच ठेवू नका. इम्पोर्टची पायरीच टळते.

अर्धविराम

दुभाजक, नमुना प्रोजेक्ट लहान करायची पद्धतही लिहा ना. इश्यूवर अख्खे गेम येऊन पडतात आणि कुणी उघडत नाही.

दुभाजक

पद्धत म्हणजे निर्दयपणे अर्धं काढून टाकणं. अर्धे सीन काढा, क्रॅश राहिला तर ते नको होते. गेला तर परत आणा आणि दुसरे अर्धे काढा. मग नोड, मग स्क्रिप्टच्या ओळी. शेवटी एक सीन, तीन-चार नोड आणि वीसेक ओळींची स्क्रिप्ट उरली की थांबा. मग माऊसची गरज काढून टाका: क्लिकने होणारी गोष्ट रेडी फंक्शनमधून करा, तसं होत नसेल तर इनपुटइव्हेंट तयार करून इनपुट.पार्स_इनपुट_इव्हेंटला द्या. यादृच्छिक आकडे असतील तर सीड पक्कं करा. वेळेवर अवलंबून असेल तर --फिक्स्ड-एफपीएस ६० आणि --क्विट-आफ्टर देऊन ठरावीक फेऱ्यांनंतर बंद होऊ द्या. एवढं झालं की तोच नमुना बायसेक्टला चालतो, आणि बऱ्याचदा त्यातूनच युनिट टेस्ट निघते. झिप करताना लपलेला गोदो फोल्डर वगळा.

धागेदोरे

थ्रेडिंगचे बग राहिले. ४.१ पासून (जुलै २०२३) नोडच्या मेथडना थ्रेड-गार्ड आले. ट्रीतल्या नोडला दुसऱ्या थ्रेडमधून हात लावला की कॉल_डिफर्ड वापरा असं सांगणारी एरर येते. पूर्वी तिथे कधीतरी क्रॅश व्हायचा, आता डीबग बिल्डमध्ये दर वेळी एरर मिळते, आणि कुठल्याही इंजिनासाठी हा मोठा फायदा आहे. नवी मेथड लिहिताना गार्ड विसरू नका.

गार्ड पकडत नाहीत ते सर्व्हर, रिसोर्सलोडर आणि वर्करथ्रेडपूलच्या आतल्या शर्यती. त्यासाठी थ्रेड सॅनिटायझर: यूज_टीसॅन=येस, एसॅनशिवाय. दोन्ही एका बिल्डमध्ये बसत नाहीत. वेग ५ ते १५ पटींनी घसरतो आणि मेमरी ५ ते १० पट लागते, तेव्हा नमुना लहानच हवा. जुन्या क्लँगमध्ये सुरू होतानाच "अनपेक्षित मेमरी मॅपिंग" म्हणून बंद पडतो. कर्नलची व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स ही सेटिंग २८ केली की चालतो. ओळखीचा गोंगाट दाबणाऱ्या याद्या रेपॉझिटरीतच आहेत, मिस्क फोल्डरमधल्या एरर_सप्रेशन्समध्ये. त्या वापरा, पण तुमचा बग झाकायला त्यात ओळ वाढवू नका.

डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकणं) असेल तर सॅनिटायझरआधी जीडीबी हा डीबगर. अडकलेल्या प्रोसेसला जोडा, "थ्रेड अप्लाय ऑल बीटी" चालवा. दोन थ्रेड एकमेकांचा म्युटेक्स धरून बसलेले लगेच दिसतात. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे लॉक हातात असताना सिग्नल किंवा कॉलबॅक बोलावणं. हवा तो डेटा स्थानिक चलात काढा, लॉक सोडा, मग कॉलबॅक. स्मृतिगळतींनी सिग्नलबद्दल सांगितलं तेच इथे थ्रेडच्या अंगाने येतं.

अर्धविराम

साधा म्युटेक्स गोदोमध्ये पुनःप्रवेशी असतो ना? मग त्याच थ्रेडने पुन्हा लॉक केला तर अडकायला नको.

धागेदोरे

बरोबर, म्युटेक्स पुनःप्रवेशी आहे, बायनरीम्युटेक्स नाही. पण पुनःप्रवेशी असला तरी वेगळा धोका: त्याच थ्रेडमध्ये कॉलबॅक आत शिरून तुम्ही ज्या यादीवरून फिरताय तीच बदलतो. अडकत नाही, कोसळतो. म्युटेक्स बदलून हा बग जात नाही.

फाइलफोड्या

फाइल वाचणाऱ्या कोडकडे कुणी बघत नाही, आणि तिथे सोपी, उपयोगी कामं पडून असतात. अर्धवट डाउनलोड झालेली फाइल उघडल्यावर एडिटर कोसळू नये, एवढी साधी अपेक्षा.

चूक कुठे होते? हेडरमधून आकार वाचतात आणि त्यावर विसंबून मेमरी घेतात. फाइलअॅक्सेसचं गेट_३२ फाइल संपल्यावर क्रॅश होत नाही, शून्य देत राहतं, त्यामुळे लूप आनंदाने फिरत राहतो. प्रत्येक आकार उरलेल्या बाइट्सशी ताडून पाहा: गेट_लेंग्थ वजा गेट_पोझिशन. त्याहून मोठा असेल तर एर_फाइल_करप्ट परत द्या. तपासणी मेमरी घेण्याआधी हवी, नंतर नाही.

गुणाकाराचा सापळा वेगळा. इमेजची कमाल मर्यादा २६,८४,३५,४५६ पिक्सेल आहे, म्हणजे १६,३८४ गुणिले १६,३८४. आरजीबीएएफ स्वरूपात एका पिक्सेलला १६ बाइट. गुणाकार ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर २ चा ३२ वा घात, आणि ३२ बिटांच्या चिन्हविरहित आकड्यात तो शून्य होतो. शून्य बाइटचा बफर घेऊन त्यात चार जीबी लिहायला निघालेला कोड. म्हणून आधी एक बाजू ६४ बिटांत बदला आणि मग गुणा. गुणून झाल्यावर बदलण्यात काही अर्थ नाही. चिन्हासहित आकड्यांचा असा ओव्हरफ्लो यूबीसॅन पकडतो, चिन्हविरहितचा पकडत नाही, कारण भाषेच्या नियमात तो चूक नाही. तो डोळ्यांनीच शोधायचा.

चाचणीसाठी योग्य फाइल घ्या आणि तिच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी तोडून --हेडलेसमध्ये एसॅन बिल्डला खिलवा. फार हुशार फझर (बिघडवलेल्या फाइल आपोआप बनवून चाचणी घेणारं साधन) नसला तरी चालतो.

स्मृतिगळती

एसॅनची एक आंधळी जागाही नोंदवतो. लोकलव्हेक्टरची क्षमता आकारापेक्षा मोठी असते. पीटीआर() घेऊन आकाराच्या पुढे पण क्षमतेच्या आत वाचलं तर ती मेमरी घेतलेलीच आहे, एसॅन गप्प बसतो. चौकटी कंसाने वाचलं तर इंडेक्स तपासला जातो. वेगासाठी कच्चा पॉइंटर वापरलेल्या लूपमध्ये सीमा हाताने पाहा.

आणि व्हेक्टरच्या घटकाचा रेफरन्स धरून त्याच व्हेक्टरला पुश_बॅक करू नका, जागा हलते. हॅशमॅपवर फिरता फिरता इरेज करायचं तर आधी कीज बाजूला गोळा करा, मग काढा.

वर्गवारी

छोटंसं. लॉगमध्ये "बॅड कम्पॅरिझन फंक्शन; सॉर्टिंग विल बी ब्रोकन" दिसलं तर सॉर्टला दोष देऊ नका. तुलनेत < ऐवजी <= लिहिलेलं असतं, किंवा दशांश आकड्यांत नॅन (आकडाच नसलेली किंमत) शिरलेला असतो. नॅन असेल तर तो कुठून आला ते शोधा, बहुधा शून्य लांबीच्या व्हेक्टरने भागलेलं असतं.

खटपट्या

टेस्टबद्दल कुणीच लिहिलं नाही. टेस्टशिवायची क्रॅश-दुरुस्ती पुढच्या रिफॅक्टरिंगमध्ये वाहून जाते.

इंजिनात डॉक्टेस्ट ही टेस्ट लिहायची लायब्ररी आहे. टेस्ट्स=येस ने बिल्ड केलं की बायनरीला --टेस्ट देऊन सगळ्या चालतात. --टेस्ट-केस मध्ये तारांकित नमुना देऊन ठरावीक चालवता येतात. नोड लागत असतील तर टेस्टच्या नावात चौकटी कंसात "सीनट्री" हा टॅग हवा, नाहीतर ट्रीच तयार होत नाही आणि टेस्ट भलत्याच कारणाने कोसळते. मुद्दाम चुकीचं आर्ग्युमेंट देताय तिथे एर_प्रिंट_ऑफ आणि नंतर एर_प्रिंट_ऑन. पॉइंटर मिळाला हे तपासायला रिक्वायर, बाकीला चेक: चेक फसला तरी पुढची ओळ चालते आणि नल पॉइंटरवर टेस्टच कोसळते.

जीडीस्क्रिप्टच्या पार्सर-ॲनालायझरचे क्रॅश असतील तर सी प्लस प्लस लिहायची गरजच नाही. त्या मॉड्यूलच्या टेस्ट फोल्डरमध्ये स्क्रिप्ट टाका आणि --जीडीस्क्रिप्ट-जनरेट-टेस्ट्स चालवून अपेक्षित आउटपुटची फाइल बनवा. पण बनलेली फाइल वाचा. चुकीचं आउटपुटसुद्धा तितक्याच तत्परतेने "अपेक्षित" म्हणून साठवलं जातं.

टेस्ट लिहिल्यावर दुरुस्ती काढून एकदा चालवा. ती फसली पाहिजे. यूज-आफ्टर-फ्रीची टेस्ट साध्या बिल्डमध्ये फसेलच असं नाही, एसॅन बिल्डमध्ये पाहा. गिटहबवरच्या स्वयंचलित तपासणीत सॅनिटायझर बिल्डही असतात, त्यामुळे ती टेस्ट तिथे पहारा देत राहते.

अर्धविराम

दुरुस्ती तयार आहे, टेस्ट आहे. स्थिर शाखेत लवकर जावी म्हणून पुल रिक्वेस्ट थेट तिथेच पाठवली तर?

शून्यसूचक

नाही. आधी मास्टर, म्हणजे मुख्य शाखा. तिथे मर्ज झाल्यावर मेंटेनर चेरीपिकचं (एकच कमिट उचलून दुसऱ्या शाखेत नेण्याचं) लेबल बघून जुन्या शाखांत नेतात. तुम्ही वर्णनात "हा बग अमुक आवृत्तीतही आहे, तिथे तपासला" एवढं लिहा. जुन्या शाखेतला कोड इतका वेगळा असेल की कमिट लागूच होत नाही, तेव्हाच तिच्यासाठी स्वतंत्र पुल रिक्वेस्ट.

चेरीपिक सोपं व्हावं अशीच दुरुस्ती लिहा. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बग, शक्यतो एकच कमिट. जाता जाता चलांची नावं बदलली, शेजारचं फंक्शन नीटनेटकं केलं की जुन्या शाखेत संघर्ष येतो आणि ती मागे राहते. रिव्ह्यूनंतरचे बदल नव्या कमिटमध्ये न टाकता अमेंड करून --फोर्स-विथ-लीज ने ढकला. मास्टर पुढे गेला असेल तर रिबेस, मर्ज नको. क्लँग-फॉरमॅटसाठी प्री-कमिटचे हुक आधीच बसवा, नाहीतर पहिली तपासणी एका स्पेसवरून लाल होते. मेथडची सिग्नेचर बदलावी लागत असेल तर थांबा: जीडीएक्स्टेन्शनची (बाहेरच्या लायब्ररी इंजिनाला जोडणाऱ्या यंत्रणेची) सुसंगतता मोडते, सुसंगततेची वेगळी जोडणी लिहावी लागते, आणि तशी दुरुस्ती स्थिर शाखेत बहुधा जात नाही. सिग्नेचर न बदलता जमतंय का ते आधी बघा.

"फिक्सेस" आणि आकडा पुल रिक्वेस्टच्या वर्णनात टाका, कमिटच्या संदेशात नाही. वर्णनात चार वाक्यं पुरतात: काय केल्यावर कोसळतं, मेमरी कुणी मोकळी केली, दुरुस्ती तिथेच का, आणि वर्तन कुठे बदलतं. तिसरं वाक्य लिहिता येत नसेल तर एसॅनच्या अहवालातला दुसरा स्टॅक पुन्हा उघडा.

अर्धविराम

कुणाची जुनी, अर्धवट सोडलेली पुल रिक्वेस्ट पुढे न्यायची असेल तर?

दुभाजक

तिथे कमेंट करून विचारा, थोडा वेळ द्या. उत्तर नाही आलं तर त्यांचा कमिट घेऊन मास्टरवर रिबेस करा आणि नव्या पुल रिक्वेस्टमध्ये जुनीचा आकडा द्या. कमिटच्या संदेशात शेवटी को-ऑथर्ड-बाय ही ओळ मूळ लेखकाच्या नावाने हवी. रिव्ह्यूमध्ये आधी आलेले आक्षेप वाचून मगच पाठवा. ती सोडून का दिली, याचं कारण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.